अमेरिकेतली संशोधन विद्यापीठं फेडरल नियमांचं ओझं कसं पेलतात?

तुमचा प्रश्न असा, की अमेरिकी विद्यापीठांवर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, नियमांचं आणि कागदपत्रांचं एवढं ओझं असताना ती ते निभावतात कसं, आणि प्राध्यापकांना संशोधनाला वेळ उरतो तरी का.

वेळेचं आधी सांगतो. विद्यापीठं आणि निधी देणाऱ्या सरकारी संस्था यांचा ‘फेडरल डेमॉन्स्ट्रेशन पार्टनरशिप’ नावाचा एक मंच आहे. त्याच्या पाहणीत २००५ आणि २०१२ मध्ये प्राध्यापकांनी सांगितलं, की फेडरल प्रकल्पासाठीच्या वेळेतला ४२ टक्के वेळ अर्ज, अहवाल, परवानग्या आणि हिशेबात जातो. २०१८ मध्ये हा आकडा ४४ वर गेला.

मग हे काम करायला माणसं का नेमत नाहीत? इथेच खरी मेख आहे. ग्रँटवर विद्यापीठाला अप्रत्यक्ष खर्च (इमारती, वीज, कार्यालय यांचा वाटा) ठरलेल्या टक्केवारीने मिळतो, पण तो सगळ्या रकमेवर मिळत नाही. समजा थेट खर्च ५ लाख डॉलर आहे. त्यातून ६० हजारांचं उपकरण आणि ४० हजारांची विद्यार्थ्यांची फी वगळायची. दुसऱ्या संस्थेला दिलेल्या दीड लाखांपैकी पहिले ५० हजारच धरायचे (२०२४ च्या सुधारणेआधी २५ हजार). उरले ३ लाख. दर ५५ टक्के असेल तर मिळाले १ लाख ६५ हजार. पण या ५५ मध्ये प्रशासनाचा वाटा २६ च्या वर जाऊ शकत नाही, ही मर्यादा १९९१ पासून आहे. त्यानंतर जेवढे नियम वाढले, त्यांच्यासाठी नेमलेल्या माणसांचा पगार बहुतेक ठिकाणी विद्यापीठाच्या खिशातूनच जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने (वैद्यकीय संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था) हा दर सरसकट १५ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं तेव्हा विद्यापीठं थेट कोर्टात गेली, आणि कोर्टाने तो निर्णय अडवला.

पैसा तिथून वाढत नसल्यामुळे शहाणी विद्यापीठं आधी स्वतःच्या घरात बघतात. माझं ठाम मत आहे, की ओझ्यातला मोठा भाग वॉशिंग्टनने लादलेला नसतो. ऑडिटमध्ये कुणी बोट ठेवू नये म्हणून विद्यापीठानेच नियमावर चार जादा फॉर्म चढवलेले असतात. त्यामुळे पहिली पायरी अशी: प्रत्येक फॉर्म समोर घ्यायचा आणि तो नेमक्या कोणत्या कलमामुळे भरावा लागतो ते विचारायचं. कलम सापडलं नाही तर फॉर्म बंद.

प्राण्यांवरच्या प्रयोगांचं बघा. उंदरांना द्यायच्या भुलीच्या औषधाचा डोस थोडा बदलायचा आहे. पूर्वी यासाठी सुधारणा-अर्ज अशा प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे जायचा आणि काम कित्येक आठवडे अडकायचं. २०१४ मध्ये एनआयएचने स्पष्ट केलं, की समितीने औषधांची आणि डोसच्या मर्यादांची यादी आधीच मंजूर करून ठेवली असेल, तर पशुवैद्यकाशी सल्लामसलत करून असा बदल कार्यालयीन पातळीवरच करता येतो. पशुवैद्यक यादी बघतो, या प्राण्यांना ती योग्य आहे का तपासतो, नोंद करतो, झालं. त्याला शंका आली तर तो प्रकरण समितीकडे पाठवतो. एवढी सोय असूनही काही ठिकाणी प्रत्येक बदल समितीपुढेच जातो. कारण एकच: ती यादी बनवायला कुणी बसलेलंच नसतं.

पगाराच्या हिशेबाचंही तसंच. जुन्या पद्धतीत प्रत्येक माणूस दर सत्राला ‘माझे इतके टक्के श्रम या प्रकल्पावर’ असं लिहून सही करायचा, आणि बहुतेक सह्या न वाचताच व्हायच्या. डिसेंबर २०१४ पासून लागू झालेल्या ‘युनिफॉर्म गायडन्स’ने (फेडरल ग्रँटच्या खर्चाची सामाईक नियमावली) हा ठरावीक फॉर्म सक्तीचा ठेवला नाही. अंतर्गत तपासणी पक्की हवी, एवढंच मागितलं. म्हणून अनेक विद्यापीठांनी प्रकल्पनिहाय पद्धत घेतली: प्रकल्पावर कुणाचा किती पगार टाकला याची एकच यादी वर्षातून एकदा प्रकल्पप्रमुखापुढे ठेवायची. मात्र महिन्याचा हिशेब महिन्याला बघावाच लागतो. पोस्टडॉकचा (पीएचडीनंतरच्या संशोधकाचा) पगार चुकीच्या खात्यावर गेल्याचं आठ महिन्यांनी लक्षात आलं, तर तो हलवताना ‘इतका उशीर का’ याचं लेखी कारण द्यावं लागतं. ऑडिटरची नजर पहिली तिथेच जाते. ग्रँट संपल्यावर १२० दिवसांत अंतिम हिशेब द्यायचा असतो, तेव्हा तर अशी चूक फार महागात पडते.

माणसांवरच्या संशोधनात अनेक केंद्रं असली तर २०२० पासून बहुतेक फेडरल प्रकल्पांना सगळ्या केंद्रांसाठी मिळून एकच नीतिसमिती ठेवावी लागते. नियम चांगला आहे, पण प्रत्येक केंद्राची रेडिएशन, फार्मसी, हितसंबंध यांची स्थानिक तपासणी सुटत नाही. नीतिसमितीची मंजुरी हातात येते आणि काम स्थानिक सहीसाठी थांबतं. म्हणून हे अर्ज एकामागून एक न देता पहिल्या दिवशी एकत्रच द्यायचे.

आता भारतीयांना नेमकं लागू होणारं. तिथे काम करताना पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या एखाद्या संस्थेत मानद वा अभ्यागत पद असेल, तर बिनपगारी असलं तरी ते अर्जातल्या माहितीपत्रात लिहावंच लागतं. परदेशातल्या शास्त्रज्ञांसाठीची भारत सरकारची वज्र किंवा वैभव फेलोशिप असेल तर तीही नोंदवायची. या नोंदीने अर्ज आपोआप बाद होत नाही. लपवलेलं नंतर उघड झालं तर मात्र ग्रँट थांबू शकते आणि चौकशी लागते. एनएसएफला (मूलभूत विज्ञानाला निधी देणारी सरकारी संस्था) हे माहितीपत्र ‘सायेनसीव्ही’ या ऑनलाइन प्रणालीतूनच लागतं. त्यामुळे तिथलं खातं ओआरसीआयडीशी (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) जोडून ठेवा, आणि अर्जाच्या आदल्या रात्री न भरता पद मिळालं त्याच आठवड्यात नोंद करा.