लंडनचा व्हाइट्स क्लब

प्रश्न : लंडनमधला उमरावांचा सगळ्यात जुना क्लब आधी चॉकलेटचं दुकान होता म्हणे, खरंय का?

उत्तर : हो, अगदी खरंय! १६९३ मध्ये फ्रान्सेस्को बियांको नावाच्या इटालियन माणसाने गरम चॉकलेट प्यायची जागा काढली, तिथे हळूहळू सरदार मंडळी पत्ते कुटायला, जुगार खेळायला बसायला लागली आणि त्यातूनच पुढे खाजगी क्लब झाला. मला सगळ्यात भारी वाटते ती त्यांची पैजांची वही, कोणाचं लग्न कधी होणार, आधी कोण मरणार यावरसुद्धा पैसे लावून रीतसर नोंद करायचे. क्लब सेंट जेम्स स्ट्रीटवर आहे, तिथल्या पुढे आलेल्या खिडकीत फॅशनचा बादशहा ब्यू ब्रमेल बसायचा. बायकांना मात्र अजूनही मेंबरशिप देत नाहीत, हे मला बिलकुल पटत नाही.