चुंबक लावलं की नळाचं नवीन इलेक्ट्रॉनिक मीटर थांबते का?

नाही थांबत भाऊ, आणि उलट तुम्हीच अडकाल. आपल्या नागपुरात हे चुंबकाचं अजूनही लोकं एकमेकांना सांगून राहिले म्हणून नीट लिहितो.

जुन्या मीटरमध्ये पाण्याने आत पंखा फिरते, त्याच्यावरचं छोटं चुंबक काचेखालच्या कोरड्या भागातल्या चाकांना फिरवते, आणि बाहेरून दमदार चुंबक लावलं की ही पकड सुटू शकते, तिथूनच हा जुगाड आला. नवीन चांगल्या मीटरमध्ये पंखा तोच, पण वर एक चकती असते, अर्धी धातूची अर्धी प्लास्टिकची, आणि तिच्या वर, तिला न चिकटता, बारीक कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं. चकतीचा धातूचा भाग खालून गेला की कॉइलमधलं विजेचं कंपन लवकर विरते, त्यावरून फेरा मोजला जाते, इथे चुंबकाचा काही रोलच नाही. एकापेक्षा जास्त कॉइल असल्या तर कोणत्या कॉइलचं कंपन आधी विरलं त्यावरून पाणी उलटं चाललं हेही कळते, म्हणजे मीटर उलटं बसवून आकडा मागे नेणं पण बंद. काहींमध्ये वेगळा चुंबक सेन्सर असते, तो तारीख-वेळेसकट नोंद ठेवते आणि रीडिंगसोबत रेडिओवरून पाठवते. आकडा मीटरच्या मेमरीत राहते, आतली लिथियम बॅटरी बरेच वर्षं चालते.

एक गोष्ट मात्र इलेक्ट्रॉनिक्सने सुटत नाही, नळ येण्याआधी पाइपातली हवा सुटते तेव्हाही पंखा फिरते आणि ते बिलात चढू शकते. तक्रार करायची तर याची करा, एअर व्हॉल्व्ह मागा, तो आपला हक्काचा मुद्दा आहे.