मालक कोण आहे, यापेक्षा त्याचे काम कोणाकडे अडते ते पाहावे

धुळ्याच्या एका सदस्याने विचारले आहे की, महापालिकेतील अधिकाऱ्यांच्या गैरव्यवहारांविषयी गावभर बोलले जाते, तरी स्थानिक दैनिकांत ते का उमटत नाही, आणि त्यामागे मालकांचा हात असतो काय.

असतो, परंतु ‘ही बातमी घेऊ नका’ असा निरोप मालकाला क्वचितच धाडावा लागतो. मालकाचे बांधकाम, शिक्षणसंस्था किंवा ठेकेदारी असेल, तर बिनशेतीचा आदेश, नकाशा-मंजुरी किंवा थकलेले बिल ज्या टेबलावर पडून आहे, त्या टेबलाविषयी किती लिहायचे हे आवृत्तीप्रमुखाला न सांगता कळते. गिरणा नदीतील वाळूचोरीच्या बातमीत मग तलाठी आणि ट्रॅक्टरचालक ठळक होतात. वरिष्ठांचा मात्र ‘कठोर कारवाईचा इशारा’ छापला जातो.

मालक मुंबई-नागपूरला असला म्हणजे तालुका वार्ताहर मोकळा झाला, असेही नाही. त्याचे मानधन तुटपुंजे असते आणि जाहिरातीच्या कमिशनवर घर चालते. ज्या नगराध्यक्षाच्या वाढदिवसाची पुरवणी त्याला भरायची आहे, त्याच्याच कारभारावर त्याने लिहावे, ही अपेक्षा फारच झाली. उलट, मालक विरोधी गटाचा असेल तर प्रखर बातम्या येतात, आणि त्या पुष्कळदा खऱ्याही असतात. फक्त सत्ता पालटताच त्यांचा रोख बदलतो.

माझ्या मते खरी कसोटी गुन्हा नोंदवण्यापूर्वीच्या काळात लागते. जळगावच्या घरकुल प्रकरणात, म्हणजे तिथल्या पालिकेच्या घरबांधणी योजनेतील गैरव्यवहारात, २००६ मध्ये तत्कालीन महापालिका आयुक्तांनी फिर्याद दिली आणि २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. फिर्यादीनंतर बातमी पोलिसांच्या आणि न्यायालयाच्या हवाल्याने देता येते, त्यामुळे भित्र्यातले भित्रे दैनिकही ती छापते. त्याआधी कागद मिळवून, स्वतःच्या जबाबदारीवर कोण छापते, एवढेच पाहावे.

आपल्याला पडताळा घ्यायचा असल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये महापालिकेकडे तीन आर्थिक वर्षांतील जाहिरातींची दैनिकनिहाय देयके मागावीत. मालकीसाठी वाचनालयातील मार्चच्या आरंभीचे जुने अंक काढावेत. १९५६ च्या नियमांनुसार त्यांत मालकांची आणि एक टक्क्याहून अधिक भांडवल असलेल्या भागधारकांची नावे छापलेली असत. देयकांच्या तारखा आणि त्या-त्या आठवड्यातील मथळे शेजारी ठेवून वाचावेत. मात्र एकाच आठवड्यावरून निष्कर्ष काढू नये.