बाबांच्या डीमॅट खात्यात ब्रोकरचा माणूस रोज खरेदी-विक्री करतोय, तक्रार करता येते का?

हो, करता येते, आणि उशीर करू नका. तुम्ही लिहिलंय की बाबांचे 8 लाखांचे शेअर्स होते, वर्षभरात साडेसहा उरले आणि आरएम (ब्रोकरचा रिलेशनशिप मॅनेजर) म्हणतो मार्केटच पडलं, मी काय करू. अगदी हेच वाक्य आमच्या घरी ऐकलंय, माझ्या आईच्या खात्याबद्दल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी लॉस बाजूला ठेवा आणि लेजर (खात्याची हिशोबवही) मागवून ब्रोकरेजचा म्हणजे ब्रोकरच्या कमिशनचा आकडा काढा. समजा 8 लाखांचा पोर्टफोलिओ वर्षात वीस वेळा फिरवला, म्हणजे 1 कोटी 60 लाखांची खरेदी आणि तेवढीच विक्री. ब्रोकरेज 0.30 टक्के धरलं तर 96 हजार, त्यावर 18 टक्के जीएसटी, शिवाय डिलिव्हरीला दोन्ही बाजूंनी 0.1 टक्का एसटीटी (शेअर्सच्या सौद्यांवरचा कर) म्हणजे आणखी 32 हजार. झाले जवळपास 1 लाख 45 हजार, मार्केट एक पैसाही न पडता! 18 टक्के नफा झाला तर कुठे माणूस होता तिथे राहणार. याला चर्निंग म्हणतात, आणि केवळ आपलं ब्रोकरेज वाढवायला क्लायंटला सौदे करायला लावणं शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या 2003 च्या फसवणूकविरोधी नियमांत बसत नाही, तिथे हे स्पष्ट लिहिलंय.

आमच्याकडे काय झालं तर आरएम आईला काकू म्हणायचा, दिवाळीला मिठाई घेऊन यायचा, आणि आईने कधीतरी फॉर्मवर सह्या केल्या त्यात ईमेल आयडी त्यांच्याच ऑफिसने बनवलेला टाकला होता. म्हणजे काँट्रॅक्ट नोट (सौद्यांचा तपशील देणारी ब्रोकरची पावती) रोज जात होत्या पण आईला एकही दिसत नव्हती, आणि आम्ही तक्रार केली तेव्हा पहिलं उत्तर तेच आलं, नोट पाठवल्यात, तुम्ही कधी हरकत घेतली नाही. मला आजही तो मेल आठवला की हात थरथरतात. आईने दीड वर्ष आम्हाला सांगितलं नाही कारण तिला वाटत होतं चूक तिचीच आहे. बाबांना प्लीज रागावू नका, ते आधीच स्वतःला दोष देत असतील.

तर पहिलं काम म्हणजे केवायसीमध्ये मोबाइल आणि ईमेल कुणाचा आहे ते बघा आणि चुकीचा असेल तर लगेच बदला. सीडीएसएल किंवा एनएसडीएल, म्हणजे शेअर्स जिथे जमा असतात ती डिपॉझिटरी, तिचं स्टेटमेंट थेट तिच्याकडूनच घ्या, आरएमने पाठवलेल्या एक्सेलवर विश्वास ठेवू नका.

दुसरं, ब्रोकरला लेखी विचारा की प्रत्येक ऑर्डर बाबांनी दिल्याचा पुरावा द्या. 2018 पासून सेबीचा नियम आहे, ऑर्डर टाकण्याआधी क्लायंटचा पुरावा हवा, कॉल रेकॉर्डिंग, ईमेल, एसएमएस, सही केलेला कागद असं काहीतरी, आणि वाद झाला तर तो दाखवायची जबाबदारी ब्रोकरची. ते पीओए (मुखत्यारपत्र) किंवा डीडीपीआय (तसंच मर्यादित अधिकारपत्र) पुढे करतील, तर ती विकलेले शेअर्स खात्यातून द्यायला आणि प्लेज करायला म्हणजे तारण ठेवायला असते, आरएमने स्वतःच्या मनाने सौदे करायची परवानगी नव्हे. आमच्या केसमध्ये बऱ्याच सौद्यांचं रेकॉर्डिंग निघालंच नाही, जी निघाली त्यात तो सांगतोय "काकू, थोडं ॲडजस्ट करतो" आणि आई म्हणतेय "बघ बाबा तूच". त्या "बघ तूच"ने आमचं बरंच नुकसान केलं, म्हणून आता बाबांना फोनवर कशालाच हो म्हणू देऊ नका.

ब्रोकरकडे तक्रार करून समाधान नाही झालं तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर टाका, तिथे ब्रोकरला 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण घटनेपासून एका वर्षाच्या आत टाकायची असते, हे लक्षात ठेवा! त्यानंतरही प्रश्न सुटला नाही तर स्मार्ट ओडीआर हे ऑनलाइन वाद सोडवायचं पोर्टल आहे, तिथे आधी समझोत्याचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर लवाद. आम्हाला समझोत्यात ब्रोकरेजचा काही भाग परत मिळाला, शेअर्समधला लॉस नाही मिळाला. खरं ते सांगतेय, सगळे पैसे परत येतील असं मी म्हणणार नाही.

अजून एक, आरएम आता घरी येईल आणि म्हणेल तक्रार करू नका, तीन महिन्यांत ऑप्शनमध्ये भरून काढतो. सेबीच्याच अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्यूचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या 93 टक्के लोकांचा तोटा झालाय, तो काय भरून काढणार! आणि त्याने खात्रीचा परतावा लिहून दिला तरी घेऊ नका, असल्या कराराला एक्स्चेंजचं संरक्षण मिळत नाही.

आज रात्रीच ब्रोकरच्या तक्रार ईमेलवर दोन ओळी पाठवा की यापुढे माझ्या लेखी ऑर्डरशिवाय एकही सौदा करू नका, मेल बाबांच्या स्वतःच्या आयडीवरून जाऊ दे. लेजर हातात आला की त्यातलं एकूण ब्रोकरेज आणि एकूण टर्नओव्हर (खरेदी-विक्रीची एकूण रक्कम) इथे कमेंटमध्ये टाका, नाव-खातं नंबर काहीही टाकू नका, मी हिशोब करून देते.