तलंगा परसात कधी सोडाव्यात?

प्रश्न : आठवडे बाजारातून तीन महिन्यांच्या पाच तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या) आणि एक कोंबडा आणला. चार दिवस खुराड्यातच आहेत. सोडल्या तर परत येतील का? मागच्या कलमांच्या बागेत मुंगूस दिसते.
– एक वाचक, लांजा

उत्तर : अजून सोडू नका. नवी कोंबडी १०-१४ दिवस खुराड्यात कोंडली, की तीच तिची रात्रीची जागा ठरते. त्याआधी सोडलेली संध्याकाळी झाडावर नाहीतर झुडपात बसते आणि रानमांजराच्या तोंडी जाते. रोज एकच हाक देऊन कणी टाका. ती हाक पुढे कामी येते.

याच दिवसांत मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस टोचून घ्या. बाजारातल्या कोंबड्या रोग घेऊन येतात, म्हणून हे चुकवू नकाच. बाटली १०० किंवा अधिक कोंबड्यांची असते आणि लस कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून वाडीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या एकाच दिवशी टोचा. आजारी, मरगळलेल्या कोंबडीला मात्र टोचू नये.

पहिल्यांदा सोडाल ते सूर्यास्ताच्या तासभर आधी, आणि दुपारपासून दाणा न देता. पोट रिकामं नि अंधार जवळ, त्यामुळे त्या लांब जात नाहीत. अर्ध्या तासाने हाक द्या आणि कणी आतच टाका. चार-पाच दिवसांनी वेळ वाढवत न्या. पुढे दिवसभर किडे-पाला खाल्ला तरी संध्याकाळी प्रत्येकीला ३०-४० ग्रॅम दाणा हवाच. तो बंद झाला की घरी येणंही ढिलं पडतं.

मुंगूस दिवसा शिकार करतं, त्यामुळे नुसतं रात्री दार लावून भागत नाही. खुराड्याभोवतीची झुडपं तोडून उघडी जागा ठेवा, सुरुवातीला सोबत कुणीतरी थांबा. खुराड्याला अर्धा इंची वेल्डमेश (तारा जोडून केलेली चौकोनी जाळी) लावा. षटकोनी जाळी कुत्रं फाडतं. जाळीचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून वर दगड ठेवा, म्हणजे उकरून आत शिरता येत नाही.

प्रश्न : मोकळ्या कोंबड्यांची अंडी सापडत नाहीत.

उत्तर : बहुतेक कोंबड्या सकाळीच अंडी घालतात. आठवडाभर ११ वाजल्यानंतरच सोडा. खुराड्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात भाताचा पेंढा घातलेलं डालगं आणि त्यात एक खोटं अंडं ठेवा. बाहेर सापडलेलं अंडं पाण्यात तरंगलं तर टाकून द्या.