पिशवी काढायच्या आधी आईला नीट विचारा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई 47 वर्षांच्या, अमळनेर तालुक्यातल्या. वर्षभर पाळीचा धरबंध नाही, कधी दोन महिने दांडी तर कधी पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जातं. रात्री घामाने ओल्या होऊन उठतात. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, दुसऱ्यांनी 'मुलं झालीत, गर्भाची पिशवी काढून टाका' म्हणून सांगितलं. मी चोपडा आणि यावल तालुक्यांत तीस वर्षं आरोग्यसेविका होते. डॉक्टर नाही, पण अशा खूप आया माझ्यासमोर बसून गेल्यात.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या बाया डॉक्टरला खरं दुखणं सांगतच नाहीत. 'कंबर दुखते, चक्कर येते, अशक्तपणा आलाय' एवढंच सांगतात. एक कापूस वेचणारी मावशी दर महिन्याला सलाईन लावून घ्यायची आणि ताकद आली म्हणून परत वेचणीला जायची. एकदा तिला पडद्याआड नेऊन विचारलं, तेव्हा कळलं की महिन्यातले पंधरा दिवस तिला कापडं बदलावी लागत होती. हिमोग्लोबिन 6 निघालं. सहा महिन्यांत ते कुणीच तपासलं नव्हतं. म्हणून आईंचं हिमोग्लोबिन आणि थायरॉईड आधी करा. थायरॉईड बिघडलं तरी घाम, धडधड, पाळीची गडबड अशीच दिसते.

घामाचं म्हणाल तर आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, त्यामुळे सगळं उन्हाच्या नावावर खपतं. 'माय, आंगनी आग व्हस' म्हटलं की घरचे कैरीचं पन्हं देतात. पण हीच आग पौषातल्या रात्री, गोधडी अंगावर असताना छातीतून वर चढली, दोन-चार मिनिटांत घाम फुटला आणि मग थंडी वाजली, तर ती उन्हाची नाही, बदलत्या हार्मोन्सची. आपल्या देशात साधारण 46-47 व्या वर्षी पाळी जाते आणि त्याआधीची काही वर्षं अशीच वरखाली जातात. सलग बारा महिने पाळी आली नाही की मगच 'गेली' म्हणायचं. 45 नंतर एवढ्यासाठी हार्मोनची महागडी तपासणी सहसा लागत नाही, वय आणि लक्षणं पुरतात.

आता पिशवीचं. इथे मी जरा कडक बोलते. माझ्या सख्ख्या बहिणीची पिशवी 41 व्या वर्षी काढली, सोबत दोन्ही अंडाशयंही. आम्हाला कुणी सांगितलं नाही की अंडाशय गेलं की पाळी जाण्याचा सगळा त्रास एका रात्रीत अंगावर येतो आणि हाडंही लवकर ठिसूळ होतात. एवढ्या लवकर अंडाशयं गेली तर, दुसरी अडचण नसल्यास, निदान पन्नाशीपर्यंत हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या असतात. तिला त्या मिळाल्या नाहीत. आजही तिला उठताना कुणाचा तरी हात लागतो आणि मला ते बघवत नाही.

कधी पिशवी काढावीच लागते. कॅन्सर असेल किंवा मोठी गाठ असून औषधाने रक्त थांबत नसेल तर काढा. पण आधी सोनोग्राफी आणि आईंच्या वयात पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवणं झालंय का, हे विचारा. रक्त कमी करायच्या गोळ्या आहेत, हार्मोनची तांबीसारखी वस्तू पिशवीत बसवता येते, ते करून पाहिलं का? आणि काढायचीच असेल तर अंडाशयं ठेवणार की काढणार, आणि काढणार तर का? उत्तर लिहून मागा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसलं, तर मात्र घरी थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

पाळी जाण्याच्या त्रासावर हार्मोनचे उपचार असतात, पण त्यांना लोक फार घाबरतात. ती भीती 2002 च्या एका अमेरिकन अभ्यासाच्या बातम्यांमुळे पसरली. त्यात वयस्क बाया बऱ्याच होत्या. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या आणि दुसरा धोका नसलेल्या बाईला बहुधा धोक्यापेक्षा फायदा जास्त होतो, हे नंतर स्पष्ट झालं. स्तनाचा कॅन्सर, पायात रक्ताची गाठ, लिव्हरचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर देत नाहीत. पिशवी असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन हे हार्मोन देत नाहीत, सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतं. आणि ज्याबद्दल बाया कधीच बोलत नाहीत ते योनीच्या जागेचं कोरडेपण, वारंवार लघवीला आग, त्यावर फक्त तिथे लावायची मलम असते.

आमच्या उपकेंद्रात गरोदरपणाचं रजिस्टर जाडजूड असायचं, पंचेचाळिशीनंतरच्या बाईचं पानही नव्हतं. आता तिशीवरच्या सगळ्यांचा तब्येतीचा फॉर्म आशाताई भरतात, त्यात पाळी गेल्यावरच्या रक्तस्रावाचा प्रश्न आहे. त्यालाच जोडून झोप, अंगातून चढणाऱ्या वाफा आणि लघवीची आग विचारली तर निम्म्या बाया बोलत्या होतील असं माझं मन सांगतं. तुमच्या गावच्या आशाताईंना हे सुचवा, ग्रामसभेतही मांडा.

आज संध्याकाळी आईंजवळ बसा, पुरुषमंडळी नसताना. कॅलेंडरवर मागचे तीन महिने पाळीचे दिवस आठवून खुणा करा, किती कापडं लागली तेही लिहा. ते कॅलेंडर घेऊन जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग विभागात जा, आणि तपासताना तुम्ही आत थांबा. हिमोग्लोबिनचा आकडा आला की इथेच लिहा, मी वाट बघतेय.