पाटल्या मोडू नका, ताई

ताई, तुमचा सात वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक आहे, सोसायटीतल्या मुलांत मिसळत नाही. एका सेंटरने डोक्याला मॅग्नेटचं यंत्र लावून मेंदूला चालना द्यायची वीस सिटिंग्ज सांगितली आहेत, 'याच आठवड्यात पैसे भरा' म्हणून. सासूबाई म्हणतात, "पोरापेक्षा पाटल्या जास्त झाल्या का?" आणि तुम्ही मला विचारताय, नाही म्हटलं तर त्याचं नुकसान होईल का?

नाही होणार. निर्धास्त राहा.

हे तंत्र थोतांड नाही. १९८५ पासून आहे, आणि अमेरिकेत २००८ साली मोठ्यांच्या डिप्रेशनसाठी त्याला मान्यताही मिळाली. ऑटिझमसाठी मात्र अजून संशोधनच चालू आहे. काही अभ्यासांत मुलांच्या वागण्या-बोलण्यात थोडा फरक दिसला, पण बरेचसे अभ्यास लहान, थोड्या काळाचे. त्यांच्या भरवशावर दागिने मोडायचे नसतात. खरं संशोधन असेल, तर सीटीआरआयचा, म्हणजे औषधोपचारांच्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक आणि एथिक्स कमिटीची मंजुरी दाखवतील, आणि प्रयोगातल्या उपचाराचे पैसे तुमच्याकडून घेणार नाहीत. घाई करणाऱ्यांना हे एवढंच विचारा.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, दोन वर्षांचा असताना तापात आकडी आली होती. तिथे मी थांबले. या यंत्राने क्वचित आकडी येऊ शकते, आणि ऑटिस्टिक मुलांत फिट्सचं प्रमाण मुळातच जास्त असतं. सेंटरने हे विचारलंच नाही म्हणता! शिवाय ते यंत्र कानाजवळ टकटक वाजत राहतं. कुकरच्या शिट्टीला पलंगाखाली शिरणारं लेकरू तिथे कसं बसेल? मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टना आकडीचं सगळं सांगा, आणि सासूबाईंना सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की तुमच्यावरचा राग निवळेल.

स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) बंद करू नका. खर्चाची ओढाताण असेल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, काढून केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' विम्याचा अर्ज भरा. वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण आहे, थेरपीचाही काही खर्च मिळतो.

आणि ते पार्किंगमधलं. शेजारच्या विंगमधला मुलगा रोज येऊन त्याच्याजवळ बसतो, 'पण दोघं बोलत नाहीत, नुसती गाड्यांची चाकं फिरवतात' अशी तुमची तक्रार आहे. अहो, हीच तर सोबत! त्या मुलाला रविवारी तासभर घरी बोलवा. दोन सारख्या गाड्या काढून ठेवा, आणि कुकर तो यायच्या आधीच लावून मोकळ्या व्हा.